चुन्नां म्हणा नाहीतर तोरणं

प्रश्न: माझं माहेर महाबळेश्वरच्या बाजूचं आणि सासर सावंतवाडीचं. मे महिन्यात घरात छोटी पांढरी फळं आली, मी म्हटलं अय्या, तोरणं! तर जाऊबाई (त्या गोव्याच्या) म्हणाल्या ही चुन्नां, आणि सासूबाई म्हणतात दोन्ही वेगवेगळी. शिवाय जाऊबाई ज्याला कांटां म्हणतात ती करवंदंच ना? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: सासूबाईंशी वाद घालू नका ताई, पण झाड एकच आहे. झिझिफस रुगोझा, म्हणजे बोराच्याच घराण्यातलं. घाटावर तोरण, गोव्याकडे चुन्नां. आणि हो, कांटां म्हणजे आपली करवंदंच.

आता पटवायचं कसं, तर नाव बाजूला ठेवा आणि फांदी हातात घ्या. तोरणाचा काटा आकड्यासारखा वाकडा असतो, ओढणी अडकली की पुढे जाऊन सुटत नाही, मागेच यावं लागतं. पान मोठं, गोलसर, खालून हात फिरवला की मखमली लागतं. फळ पिकलं की पांढरं, आत पिठूळ गर थोडासाच आणि मधे एकच कडक बी. चवीला ठीकठाक, उगाच कशाला खोटं बोला. करवंदाचा काटा मात्र सरळ, कधीकधी टोकाला दुभंगलेला, पानं समोरासमोर जोडीनं आणि कुठंही तोडलं की पांढरा चीक येतो, कारण ते कण्हेरीच्या कुळातलं. कच्ची करवंदं खाल्ल्यावर ओठ चिकटतात ते त्या चिकामुळेच. पिकल्यावर मग डोंगरची काळी मैना, आणि फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ रत्नागिरीपासून खालीपर्यंत सगळ्या पोरांना येतो, तिथं नावावरून भांडण नाही!

प्रश्न: बाबा जळगावचे, ते म्हणतात अंजन म्हणजे उंच झाड, लाकूड दगडासारखं. आम्ही रत्नागिरीत राहतो, इथं शेजारी ज्याला अंजन म्हणून दाखवतात ते जांभळ्या फुलांचं बुटकं झाड आहे. खरं अंजन कुठलं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: दोघंही बरोबर आहेत आणि दोन्ही झाडांचा एकमेकांशी काही संबंध नाही. खानदेशातलं अंजन म्हणजे हार्डविकिया बायनाटा, कोरड्या मुलखातलं, पानं आपट्यासारखी जोडीची पण लहान. तुमच्याकडचं ते मेमेसायलॉन, याला बरेचजण अंजनी म्हणतात आणि मला विचाराल तर तेच म्हणावं म्हणजे घोळ होत नाही. माथेरानला गेला असाल तर ते नक्की पाहिलंय तुम्ही. फुलं पानांत नाही, तर उघड्या फांदीलाच चिकटून निळ्याजांभळ्या झुपक्यांनी येतात, अख्खी फांदी रंगवल्यासारखी दिसते. मग हिरवी, पिवळी, लाल होत होत काळी होणारी मण्याएवढी फळं धरतात, टोकाला बारीकसा मुकुट असतो. ती खातात, तुरट लागतात, पक्ष्यांना जास्त आवडतात.

प्रश्न: शेजारच्या काकू म्हणाल्या झाडावरचं अळू खा. आम्ही आजवर अळूचं फतफतंच खाल्लंय! चेष्टा करतात का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही हो. अळू नावाचं काटेरी झाड कोकणात आहे, मेयना लॅक्सिफ्लोरा. फळ चिकूच्या लहान भावासारखं दिसतं, आधी हिरवं, मग तपकिरी. कच्चं असताना तोंडात घालू नका, पिकलेलं मऊ पडलं की गोड, आत चार-पाच बिया. भाजीच्या अळूशी फक्त नाव सारखं.

प्रश्न: गावच्या रस्त्याला एका झाडाखाली संत्र्यासारखी गुळगुळीत नारिंगी फळं पडली होती, मुलगा घेऊन आला. गावात काजरा म्हणाले. खाल्लं तर? – एक वाचक, गुहागर

उत्तर: खायचं नाही, मुलाला अजिबात देऊ नका. काजरा म्हणजेच विदर्भातला आणि आयुर्वेदाच्या दुकानातला कुचला, बियांमध्ये स्ट्रिक्निन असतं आणि ते जीवघेणं. धनेश आणि माकडं त्याचा गर खातात हे खरंय, पण त्यावरून आपण ठरवायचं नाही. बिया चपट्या, शर्टाच्या मोठ्या बटणासारख्या, वर रेशमी लव, पानावर देठापासूनच तीन ते पाच ठळक शिरा. चुकून कुणी चघळलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, झटके यायची वाट बघू नका, उरलेलं फळ सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.