वाचकांचे प्रश्न : भूल द्यायला शिकताना

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ओहायोत सर्जिकल आयसीयूत नर्स आहे, नऊ महिने झाले. मला सीआरएनए, म्हणजे भूल देणारी खास प्रशिक्षित नर्स, व्हायचंय. अर्जाला आयसीयूतलं एक वर्ष पुरतं असं कळलं. वर्ष भरलं की लगेच अर्ज टाकू का? मुलगा चार वर्षांचा आहे आणि शिक्षणाची तीन वर्षं पगाराशिवाय कशी काढायची, तेही सुचत नाही.
– एक वाचक, ओहायो

उत्तर : अजून एक वर्ष थांब, असं मी तुला मनापासून सांगेन. एक वर्ष ही किमान अट आहे आणि ती पुरी करून प्रवेश मिळतोही. मी स्वतः चौदा महिन्यांवर गेले होते. त्याची किंमत मी पुढचं वर्षभर मोजली.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. मणक्याचं ऑपरेशन, पेशंट पालथा. प्रेशर नव्वदवरून सत्तर, मग बासष्ट. मी प्रेशर वाढवणाऱ्या फिनाइलएफ्रिनची सिरिंज हातात घेऊन मॉनिटरकडे बघत उभी. डोस तोंडपाठ होता. मला शिकवणाऱ्या सीनियरने, म्हणजे प्रिसेप्टरने, मॉनिटरकडे पाहिलंच नाही. ती आधी टेबलाच्या पलीकडे वाकली, सक्शनचा डबा किती भरलाय ते पाहिलं, मग खाली पडलेले भिजलेले स्पंज मोजले आणि सर्जनना विचारलं, "रक्त कुठून येतंय?" तोवर रक्ताच्या पिशव्या मागवूनही झाल्या होत्या. औषध तिने दिलंच, पण आकडा का पडतोय ते तिला आधी कळलं होतं. ही नजर आयसीयूत तयार होते. ड्रेन किती भरला, लघवी तासाला किती झाली, हातपाय गार लागतात का, हे शेकडो रात्री पाहिल्यावर.

म्हणून येत्या वर्षात चार्ज नर्सकडे सगळ्यात आजारी पेशंट मागून घे. व्हेंटिलेटरवरचा, आर्टेरियल लाइन (धमनीतली प्रेशर मोजणारी नळी) असलेला, नॉरएपिनेफ्रिन आणि व्हासोप्रेसिन ही प्रेशर टिकवणारी दोन्ही औषधं चालू असलेला. ड्रिप वाढवताना दर वेळी स्वतःला विचार, का वाढवतेय? सीसीआरएन, म्हणजे आयसीयू नर्सिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा याच वर्षात देऊन टाक. आणि एखाद्या सीआरएनएबरोबर एक पूर्ण दिवस उभी राहा, पहिल्या केसच्या आधी मशीन तपासण्यापासून. ते काम आवडतं की नाही ते तिथेच कळेल.

आता शाळा. २०२२ पासून या शिक्षणात नवा प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच मिळतो आणि अभ्यासक्रम किमान तीन वर्षांचा असतो. माझ्या वेळी मास्टर्स पुरत होतं. पदवीपर्यंत किमान ६०० केसेस आणि २,००० तास क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम, व्हावे लागतात. हा किमान आकडा सगळ्याच शाळा पुरा करतात, त्यामुळे त्यावरून निवड करू नकोस. मुलाखतीत विचार की एपिड्युरल आणि नर्व्ह ब्लॉक (शरीराचा ठरावीक भाग बधिर करणारी इंजेक्शनं) विद्यार्थी स्वतः करतात की रेसिडेंट डॉक्टर करतात आणि हे बघत राहतात? हृदयाच्या केसेस कुठे मिळतात? क्लिनिकलची हॉस्पिटलं किती लांब आहेत? काही ठिकाणी महिना-दोन महिने दुसऱ्या गावी खोली घेऊन राहावं लागतं. मुलगा चार वर्षांचा असताना हा प्रश्न नावाजलेल्या शाळेपेक्षा मोठा आहे. पहिल्याच फेरीत प्रमाणपत्र परीक्षा किती जण पास झाले आणि मधेच किती जण गळले, हे शाळांना जाहीर करावं लागतं. गळतीचा आकडा आधी वाच.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. सुट्टीच्या दिवशी शिफ्ट करून घर चालवेन, हा हिशेब मांडू नकोस. निदान क्लिनिकल सुरू झाल्यावर ते जमत नाही आणि बऱ्याच शाळा नोकरी करूच नका म्हणतात. ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद. सर्वसाधारण पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाख डॉलर आहे. पुष्कळ शाळांचा खर्च याच्या वर जातो. थांबण्याचं हे दुसरं कारण. त्या वर्षाचा ओव्हरटाइम वेगळ्या खात्यात टाक आणि नवऱ्याशी, सासू-आईशी आत्ताच बोलून ठेव की पहाटे पाचला तू निघालीस तर मुलाला शाळेत कोण सोडणार.

प्रश्न : माझी मुलगी सीआरएनए होण्यासाठी लागणारी पदवी घेतेय. ती डॉक्टर होणार असं समजायचं का? आणि भूल डॉक्टरांनीच द्यायला हवी ना?
– एक वडील, न्यू जर्सी

उत्तर : काका, तिची पदवी डीएनपी किंवा डीएनएपी, म्हणजे नर्सिंगमधली किंवा नर्स म्हणून भूल देण्यातली डॉक्टरेटच. पण ती वैद्यकीय डॉक्टर नव्हे. भूलतज्ज्ञ डॉक्टरांचा रस्ता वेगळा, मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर चार वर्षांची रेसिडेन्सी. पेशंटसमोर तिने "मी नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट" असंच सांगावं, त्यात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेत नर्सेस भूल देऊ लागल्या त्याला दीडशे वर्षं होत आली. १८७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावी सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी हे काम हाती घेतलं. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मगॉ यांनी १९०६ मध्ये १४,००० हून जास्त भुलींचा अहवाल छापला, त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. तेव्हा ना मॉनिटर होते ना व्हेंटिलेटर, बोटाखाली नाडी आणि डोळ्यांसमोर पेशंटचा श्वास एवढंच. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या डॉक्टर-देखरेखीच्या अटीतून राज्यांना बाहेर पडता येतं. २००१ मध्ये आयोवा पहिलं बाहेर पडलं. ग्रामीण भागातल्या अनेक लहान हॉस्पिटलांत रात्री सिझेरियनला भूल देणारी सीआरएनएच असते.

प्रश्न : क्लिनिकल सुरू होऊन सात आठवडे झाले. मागच्या आठवड्यात मी घातलेली श्वासाची ट्यूब श्वासनलिकेऐवजी दोनदा अन्ननलिकेत गेली. प्रिसेप्टरनी ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून झोप नाही. सोडून द्यावं का?
– विद्यार्थिनी

उत्तर : नको गं. ट्यूब चुकीच्या जागी जाणं प्रत्येकीच्या हातून होतं. ती तशी गेलीय हे न कळणं, हा खरा धोका. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर लाट आली नाही म्हणून तू ट्यूब काढलीस, मास्कने ऑक्सिजन दिलास आणि मदत मागितलीस, तर तू बरोबर केलंस. सात आठवडे म्हणजे काहीच नाही. पदवीपर्यंत तुला किमान २५० ट्यूब घालायच्या आहेत.

सुनावण्याची गोष्ट वेगळी. चूक दाखवणं प्रिसेप्टरचं काम आहे, चारचौघांत अपमान करणं नाही. एका हॉस्पिटलात मीही ते सोसलं आणि गप्प बसले. पुढच्या बॅचच्या मुलीलाही तेच भोगावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तू क्लिनिकल कोऑर्डिनेटरला तारीख, केस आणि बोललेले शब्द लिहून पाठव. तुझे तासही मोज. चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ६४ तासांच्या वर आणि सलग १६ तासांच्या पलीकडे विद्यार्थ्याला राबवता येत नाही. दोन पाळ्यांमध्ये १० तासांची विश्रांती हवी.

आणि एक, मोठ्या बहिणीसारखं सांगते. झोप येत नाही म्हणून ड्रग कार्टमधल्या कुठल्याही औषधाचा विचार एकदा जरी मनात डोकावला, तरी त्याच दिवशी कुणाशी तरी बोल. आपल्या पेशात या वाटेने चांगली माणसं गेली आहेत.

सोमवारी पहिल्या केसला लॅरिंगोस्कोप (ट्यूब घालताना घशात पाहायचं उपकरण) उचलण्याआधी पेशंटचं डोकं नीट ठेव. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका रेषेत येईपर्यंत डोक्याखाली चादरीच्या घड्या सरकवत राहा. टेबल तुझ्या उंचीला घे. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप लागला तर आधीच मागून ठेव. मग मला लिही, ट्यूब कशी गेली ते.