भाऊ ॲडमिट व्हायला तयार नाही. नाशिकमध्ये नुसत्या ओपीडीवर दारू सुटेल का?

हो, बऱ्याच जणांची सुटते. सिव्हिलला मानसोपचार ओपीडीचा केसपेपर काढा. रोज किती, किती वर्षांपासून, शेवटची कधी घेतली, हे खरं सांगा. डॉक्टर त्यावरच ठरवतात.

एक मात्र हात जोडून सांगतो: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास, बडबड, आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी कधी अशी फिट आली असेल तर ॲडमिटच करा. नाहीतर ओपीडीवरच दारू तोडतानाचा त्रास आवरणाऱ्या, काही दिवस हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन किंवा ॲकॅम्प्रोसेट, आणि समुपदेशन.

भाजीत गुपचूप गोळी घाला, असं कुणी ना कुणी सांगेलच. अजिबात घालू नका! ती डायसल्फिराम (दारूशी रिअ‍ॅक्शन होणारं औषध) असली आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकटे जाऊन बोला, किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा. मध्येच पुन्हा प्यायला तरी पुढची तारीख चुकवू नका.