वाचकांचे प्रश्न : ‘लॉयल्टी’ची गोष्ट

प्रश्न : माझे आजोबा सांगत, की पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर दरबारचे स्वतःचे जहाज होते. हे खरे का? ती युद्धनौका होती का? (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : आपल्या आजोबांचे म्हणणे खरे आहे, मात्र ती युद्धनौका नव्हती. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे 1891 पासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत असलेले जहाज प्रवाशांबरोबर टपाल, आणि योकोहामाहून व्हँकुव्हरला कच्चे रेशीम व चहा नेत असे. ब्रिटिश नौदलाच्या अनुदानामुळे, युद्ध पेटल्यास तोफा चढवता याव्यात अशी सोय बांधणीतच ठेवलेली होती. तरीही 1914 च्या अखेरीस महाराज माधवराव शिंद्यांनी ते घेतले ते जखमी सैनिकांसाठी, आणि ‘लॉयल्टी’ नावाने त्याचे रुग्णालय झाले. एका व्यापारी जहाजाच्या वाट्याला याहून चांगले युद्धकार्य आले असेल असे मला वाटत नाही. अशा जहाजांबाबत 1907 च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराने घालून दिलेला, 1949 च्या जिनिव्हा करारापूर्वीचा नियम असा होता, की सरकारी रुग्णालय-जहाज पांढरे रंगवून त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा आडवा पट्टा ओढावा, आणि त्याचा लष्करी कामासाठी मुळीच उपयोग करू नये.

युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी ते विकत घेतले. ‘सिंधिया’ हे त्यांच्या जहाज कंपनीचे नाव आधीच्या मालकांच्या, शिंद्यांच्या (सिंधिया) नावावरूनच पडले. 5 एप्रिल 1919 रोजी ही भारतीय कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली, म्हणून आपण तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. 1923 मध्ये ती मोडीत निघाली.