मालवणच्या पहिल्या 5 किलोमीटरसाठी

मालवणच्या चिवला बीचवरच्या समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेत 5 किलोमीटर पोहायचं ठरवलंत, छान केलंत. तलावात दीड किलोमीटर न थांबता जमत असेल तर तीन महिने पुरतात. आठवड्यातून तीनदा पोहा. त्यातलं एक लांब पोहणं दर आठवड्याला 250 मीटरने वाढवत 4 किलोमीटरवर न्या. वेग सध्या विसरा.

खरी अडचण दिशेची. तलावात तळाची काळी रेघ सरळ नेते, समुद्रात ती नसते. नवखे दिशा बघायला डोकं पूर्ण वर काढतात, मग कंबर खाली जाते, मान दुखते आणि दम लागतो. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर आणा, श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्या. लाटांत बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) लपतो, म्हणून त्याच्या मागची माडांची रांग किंवा एखादी इमारत आधीच हेरून ठेवा. हे तलावातच घोटवा.

बाकी नेहमीच्या चुका:

- पहिले 500 मीटर जोरात मारणं. शेवटचा किलोमीटर तिथेच हातचा जातो.
- एकाच बाजूने श्वास. लाट त्याच बाजूने आली की खारं पाणी तोंडात.
- काखेत, मानेला व्हॅसलीन न लावणं. मिठाने कातडी सोलवटते. लावल्यावर बोटं पुसा, मगच गॉगलला हात लावा.
- स्पर्धेच्या दिवशी नवा गॉगल.

समुद्रातल्या सरावाला एकट्याने कधीच उतरू नका. सोबत होडी हवी, डोक्यावर भडक रंगाची टोपी हवी. पोहताना खाण्यापिण्याचं नियोजन 10 किलोमीटरच्या वेळी बघू.