जगात एचआयव्हीचा प्रसार नेमका किती आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स या संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ च्या अखेरीस जगात सुमारे ३ कोटी ९९ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्या वर्षात सुमारे १३ लाखांना नव्याने लागण झाली आणि एड्सशी संबंधित आजारांनी सुमारे ६ लाख ३० हजार मृत्यू झाले. हे आकडे सरासरीने पाहिले तर मात्र दिशाभूल होते, कारण हा प्रसार अतिशय विषम आहे. बाधितांपैकी निम्म्याहून अधिक लोक आफ्रिका खंडाच्या पूर्व व दक्षिण भागात राहतात. तिथल्या इस्वातिनीसारख्या (पूर्वीचे स्वाझीलँड) छोट्या देशात साधारणपणे दर चार प्रौढांमागे एक जण बाधित आहे, तर भारतात हेच प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. तरीही लोकसंख्या मोठी असल्यामुळे भारतातील बाधितांची संख्या २५ लाखांच्या आसपास जाते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक आहे.

बाधितांची एकूण संख्या वाढलेली पाहून साथ बळावली असा निष्कर्ष अनेक जण काढतात, तो माझ्या मते घाईचा आहे. २००४ च्या सुमारास वर्षाला २० लाखांहून अधिक मृत्यू होत होते. एआरटी, म्हणजे शरीरातील एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारे औषधोपचार, सुमारे तीन कोटी लोकांपर्यंत पोहोचल्यामुळे रुग्ण आता दीर्घकाळ जगतात, म्हणूनही ही संख्या मोठी दिसते. खरी चिंता पूर्व युरोप आणि मध्य आशियाची आहे, कारण तेथे नव्या लागणी २०१० च्या तुलनेत वाढल्या आहेत.