पॉवर स्टीअरिंग गेलंय की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

गाडी लावताना स्टीअरिंग जड लागतं, पॉवर स्टीअरिंग गेलं असेल का, असं तुम्ही विचारलंय. आधी पुढच्या दोन्ही टायरांतली हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवा उतरली की स्टीअरिंग जड होतंच.

हवा ठीक असेल तर गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. चावी फिरवून स्टीअरिंगचं लॉक सोडवा, एका बाजूला हलका जोर देऊन धरा आणि तसंच धरून इंजिन सुरू करा. स्टीअरिंग हाताखाली सैल पडून थोडं फिरलं तर पॉवर स्टीअरिंगची मदत मिळतेय. तसंच घट्ट राहिलं तर बिघाड आहे.

आता बोनेट उघडा. स्टीअरिंग ऑइलची छोटी टाकी दिसली तर हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं, जसं जुन्या इनोव्हात. टाकीवरच्या खुणांमध्ये ऑइल आहे का बघा. फेस म्हणजे आत हवा शिरलीय, काळपट आणि जळका वास म्हणजे ऑइल बदलायला झालंय. ऑइल कमी असेल तर ते कुठेतरी गळतंय. नुसतं भरून गप्प बसू नका, रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, गळती असेल तर डाग दिसतील. ऑइल कोणतं, ते मॅन्युअल बघूनच घाला.

माझ्या गाडीला गॅरेजवाल्याने या ऑइलला दाब देणारा पंपच बदलायला सांगितला होता. पण सकाळी स्टीअरिंग पूर्ण वळवलं की किंचाळल्यासारखा आवाज यायचा, म्हणून मी इंजिन बंद करून पंप फिरवणारा पट्टा दाबून पाहिला. तो चक्क ढिला होता! दुसऱ्या मेकॅनिकने ताणून दिला आणि स्टीअरिंग पुन्हा हलकं झालं. म्हणून सांगतो, पंपाला हो म्हणण्याआधी पट्टा जरूर बघा. इंजिन चालू असताना मात्र तिथे हात घालू नका, आणि स्टीअरिंग टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, ऑइल तापतं.

टाकी नसेल तर बहुधा इलेक्ट्रिक, स्विफ्टसारखं. यात चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागून इंजिन सुरू झालं की विझायला हवा. जळत राहिला तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघा. बॅटरी कमजोर असली तरी हा दिवा लागतो. त्याने फरक पडला नाही तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) लावणाऱ्याकडेच न्या.

चालत्या गाडीत मदत गेली तरी चाकं वळतात, फक्त ताकद लागते. घाबरू नका, दोन्ही हातांनी घट्ट धरून वेग कमी करा आणि गाडी कडेला घ्या.