पाचव्या महिन्यात कूलरची बादली, सिलिंडर आणि कडेवरचं लेकरू: किती उचलायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पाचवा महिना, नवरा फिरतीवर, कूलरमध्ये रोज बादलीनं पाणी, घरात दोन वर्षांचा मुलगा. त्यात गेल्या आठवड्यात पाण्यानं भरलेला गुंड उचलला म्हणून सासूबाई रागावल्या आणि तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. आधी त्या गुंडाचंच बोलू. नंतर रक्त गेलं नाही, कळा आल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मग ती भीती मनातून काढा. निरोगी गरोदरपणात एकदा काही जड उचललं म्हणून सहसा बाळाला काही होत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले जवळपास निम्मे गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात, तरी आपल्याकडे बाईलाच विचारतात, "काय उचललं होतंस?" मी गरोदर बायांना फिजिओथेरपी देते. हा प्रश्न उरात घेऊन बसलेल्या कितीतरी जणी पाहिल्यात, फार जीव तुटतो.

जपायचं ते रोजच्या, पुन्हापुन्हा उचलण्याला. या दिवसांत हार्मोन्समुळे सांधे सैल पडतात, पोट पुढे आल्यानं तोल बदलतो आणि वजन अंगापासून लांब धरावं लागतं. तीच बादली मग कंबरेला जास्त जड जाते.

आकडाच हवा असेल तर अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेनं सुचवलेली मर्यादा सांगते. कधीतरीच उचलायचं आणि वजन अंगाशी धरता येत असेल, तर 20 आठवड्यांच्या आत साधारण 16 किलो, त्यानंतर 12. हात लांब करून किंवा सारखं सारखं उचलायचं असेल तर याहून बरंच कमी. नडगीच्या मध्याखालून आणि डोक्याच्या वर काहीच नाही. आता हिशोब करा: 20 लिटरची भरलेली बादली म्हणजे 20 किलो. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड. तो तुम्ही हलवायचाच नाही, आणणाऱ्याला सरळ ओट्याखाली ठेवून द्यायला सांगा. गव्हाच्या कट्ट्याचं तर नावच नको.

मला सगळ्यात जास्त काळजी कूलरची वाटते. नागपूरच्या मे महिन्यात टाकी दुपारपर्यंत रिकामी होते. बाथरूममधून बादली एका हातात धरून आणायची, मग खिडकीशी कंबर वळवून, हात लांब करून ओतायची. ओझं दूर, पाठीला पीळ आणि खाली ओली फरशी, सगळं एकाच वेळी. नळाला पाइप लावून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि एवढ्या एका खर्चानं रोजचं उचलणं सुटतं. नळाला जोर नसेल तर बादली स्टुलावर ठेवून ती जगानं भरा आणि जगानंच कूलरमध्ये ओता. वेळ जाईल, जाऊ द्या. सकाळी ऊन चढायच्या आत उरका, आणि भरण्याआधी प्लग काढा. लोखंडी कूलरचा शॉक काही गंमत नाही.

मुलाला जमिनीवरून उचलू नका. तुम्ही दिवाणावर बसा, त्याला चढून मांडीवर येऊ द्या. एकाच कडेवर घेऊन कंबर बाहेर काढून उभं राहिलं की मागे एका बाजूला जी कळ येते, ती पुढे चालताना आणि कूस बदलतानाही छळते. कधी उचलावंच लागलं तर पाय थोडे फाकवून, गुडघ्यांत वाका, त्याला छातीशी घट्ट धरा आणि श्वास न रोखता, सोडत सोडत उठा. वळायचं झालं तर पावलं टाकून वळा.

वार (प्लॅसेंटा) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, जुळी असतील, आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालं असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर वरचे किलोचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टर सांगतील तेच. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते लिहिलेलं असतं, पुढच्या तपासणीला तेवढं नक्की विचारा.

आणि हो, रक्त किंवा पाणी गेलं, पोट ठरावीक वेळानं आवळायला लागलं, चक्कर येऊन पडलात किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली, तर नवऱ्याची वाट पाहत बसू नका. 102 किंवा 108 ला फोन करा, रात्र असली तरी.